पेटीसाहेब आणि इस्त्रीचं टेबल

वसाहतीच्या तोंडाशी, दोन रस्ते जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, नगरपालिकेने चार मोठ्या पेट्या ठेवल्या होत्या. काचेची, कागदाची, पत्र्याच्या डब्यांची आणि जुन्या कपड्यांची. या वस्तू म्हणे वितळवून, कुटून, पिंजून पुन्हा वापरता येतात. प्रत्येक पेटीवर चित्र होतं, चित्राखाली ठळक अक्षरं होती, आणि ज्याला चित्रही कळत नाही आणि अक्षरही, त्याच्या सोयीसाठी पेट्यांचे रंग वेगळे होते. एवढी बडदास्त ठेवूनही लोकांचा गोंधळ व्हायचाच. कागदाच्या पेटीत बाळाच्या लंगोटांचं पुडकं निघायचं, काचेच्या पेटीत जळका मिक्सर, आणि कपड्यांच्या पेटीत एकदा अर्धा केक निघाला होता, मेणबत्तीसकट.

पेटीच्या तोंडात जे मावत नसे ते पेटीच्या शेजारी जाई. पण ते कुणी फेकत नसे बरं का. फेकणारी माणसं वेगळी, ती कुठल्यातरी दुसऱ्या वसाहतीत राहत असावीत. इथले लोक वस्तू ‘ठेवत’. स्प्रिंगा बाहेर आलेली गादी भिंतीला नीट टेकवून ठेवत, फुटकं कमोड झाकण लावून ठेवत, आणि वळताना "कुणाच्या तरी उपयोगी पडेल" असं हळहळत म्हणत. फुटकं कमोड नक्की कुणाच्या उपयोगी पडणार, असं विचारण्याइतका खवचट माणूस वसाहतीत एकच होता. त्याला सगळे पेटीसाहेब म्हणत.

पेटीसाहेबांचं घर पहिल्या मजल्यावर, बाल्कनी बरोब्बर पेट्यांच्या डोक्यावर. नोकरीत असताना ते बसच्या डेपोत सुट्या भागांचं कोठार सांभाळत. कोठाराला जाळीची एक खिडकी होती. ब्रेकची पट्टी हवी असो की साधा बोल्ट, मेकॅनिकपासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला त्या खिडकीशी उभं राहून "साहेब, जरा बघता का?" म्हणावं लागे. साहेब बघत. घाईने मात्र कधीच बघत नसत. आयुष्यभर लोकांना ताटकळत ठेवलेला हा माणूस निवृत्त झाला, सत्कार झाला, घड्याळ मिळालं, आणि पुढच्या सोमवारी सकाळी त्याच्या लक्षात आलं की आता आपल्यासाठी कुणीच ताटकळत नाही.

घरी माणसांची ये-जा होती, पण ती बायकोकडे. ती कपडे दुरुस्त करून देई. कुणाची चेन बदलायची असे, कुणाची पँट आखूड करायची, कुणाचं पोट सुटलं म्हणून शर्टाच्या शिवणी उसवायच्या. बेल वाजली की साहेब लगबगीने दार उघडत, आणि समोरचा माणूस त्यांच्या खांद्यावरून आत डोकावत विचारी, "मावशी आहेत का?" साहेब बाजूला होत. दिवसातून चार वेळा स्वतःच्याच दारात बाजूला व्हायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. साहेबांच्या ते फार मनाला लागलं होतं.

मग एकदा कुत्र्यांनी पेट्यांजवळच्या पिशव्या फाडून रस्ताभर पसरल्या, तेव्हा साहेब हातमोजे घालून खाली उतरले आणि सगळं वेचून ज्या त्या पेटीत टाकून आले. जाता-येता कुणीतरी म्हणालं, "वा साहेब! मानलं तुम्हाला." बस्स. एवढ्या खतपाण्यावर माणसाच्या मनात काय काय उगवतं! दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी बाल्कनीतून आवाज सुरू झाले, "ओ निळा शर्ट! काच तिकडे नाही, इकडे!" महिना उलटायच्या आत आख्ख्या वसाहतीला माहीत झालं होतं की या कोपऱ्याला आता मालक आहे.

नगरपालिकेच्या निरीक्षक बाईंनीही त्यांची दखल घेतली. ही तरुण मुलगी, कायम एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात वाजणारा फोन. तिने साहेबांना एक नारिंगी जॅकेट आणून दिलं. पाठीवर चकाकत्या अक्षरांत ‘स्वयंसेवक’ असं छापलेलं. पगार नाही, भत्ता नाही, चहासुद्धा नाही, नुसतं जॅकेट. पण ते अंगात गेलं आणि साहेबांची चालच बदलली. ते दूध आणायलाही जॅकेट घालून जाऊ लागले.

"अहो, दुकानात तरी काढून ठेवत जा ते," बायको म्हणाली. "दुकानदाराला वाटतं तपासणीला आलेत."

"वाटू दे की," साहेब म्हणाले. त्यांना तेच तर हवं होतं.

आता वसाहतीतल्या लोकांचा सुज्ञपणा पाहा. त्यांच्या ध्यानात आलं की संध्याकाळी पेटीशेजारी काहीही ठेवलं तरी सकाळपर्यंत ते नाहीसं होतं. जादूच. मग पेटीचं तोंड शोधा, झाकण उघडा, बाटली वेगळी आणि बूच वेगळं करा, ही उस्तवार हवीच कशाला? दातांचे डॉक्टर गाडीतून उतरायचीही तसदी घेईनासे झाले. काच खाली करत, पिशवी बाहेर सोडत, काच वर करत. शिकवणीवाल्या बाई निदान बोलत तरी. "साहेब, या जुन्या वह्या. प्लॅस्टिकची कव्हरं तेवढी काढून घ्याल ना? मला मेलीला वेळच होत नाही." साहेब खाली बसून कव्हरं काढत. रंगकाम करणारा कंत्राटदार तर भलत्याच गावची कामं उरकून रंगाचे अर्धे डबे इथे आणून ठेवू लागला, कारण या कोपऱ्यावर म्हणे व्यवस्था चांगली आहे. आणि एखाद्या सकाळी साहेबांना उतरायला उशीर झाला, तर बाल्कनीखाली उभं राहून लोक काळजीने विचारत, "साहेब, बरं आहे ना? नाही, कालचं अजून तसंच पडलंय म्हणून विचारलं."

बायकोला हे सगळं लख्ख दिसत होतं. ती स्वतः जॅमची बाटली धुवून, पुसून, झाकण वेगळं करून खाली नेणारी बाई. दिवसभर लोकांच्या उसवलेल्या शिवणींकडे बघून तिची नजर नेमकी उसवलेल्या जागी जाई.

"तुम्ही उचलता म्हणून ते टाकतात," ती एकदा म्हणाली.

"मी नसेन तर उकिरडा होईल इथे."

"आणि आत्ता काय बाग आहे?"

साहेबांनी हातमोजे झटकले.

तसे साहेब काही आंधळे नव्हते. लोकांना धडा शिकवायला हवा हे त्यांनाही पटलं होतं, फक्त तो धडा दुसऱ्या कुणीतरी शिकवावा असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी नगरपालिकेकडे अर्जांचा सपाटा लावला. कॅमेरा बसवा. तो कपड्यांच्या पेटीमागच्या भिंतीवर बसवा, तोंड कागदाच्या पेटीकडे करा. जो कचरा टाकेल त्याचा फोटो कागदाच्या पेटीवरच चिकटवा, चारचौघांत लाज निघाली की माणूस सुतासारखा सरळ येतो. नगरपालिकेने सुरुवातीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पण साहेब डेपोतले. ताटकळणं म्हणजे काय हे त्यांना खिडकीच्या दुसऱ्या बाजूने चांगलं ठाऊक होतं. शेवटी निरीक्षक बाईंनीच खटपट करून एक कॅमेरा मिळवला.

कॅमेरा म्हणजे एक काळा चकचकीत घुमट. भिंतीला ओल होती म्हणून तो समोरच्या दिव्याच्या खांबावर बसला, आणि त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते खालून कुणालाच कळत नव्हतं. सतत चित्रण करणारा महाग पडत होता, म्हणून हा एकफोटीवाला. पेट्यांशेजारी कुणी वाकलं की एक फोटो काढायचा आणि गप्प बसायचं. खाली पाटी लागली, ‘कचरा टाकणाऱ्याचा फोटो येथे लावण्यात येईल’. साहेब त्या पाटीखाली इतक्या ऐटीत उभे राहिले, की परक्या माणसाला वाटावं पहिला फोटो यांचाच लागायचाय.

आणि कोपरा स्वच्छ झाला. खरोखर स्वच्छ झाला. वसाहतीच्या अंगी एकदम सद्गुण उतरले असा गैरसमज नको. गाद्या आता पुलापलीकडच्या पेट्यांशी ठेवल्या जात होत्या, तिथे कॅमेरा नव्हता. पण इथे डॉक्टर गाडीतून उतरून एकेक बाटली पेटीत टाकू लागले, आणि प्रत्येक बाटलीबरोबर खांबाकडे असं बघत की कुणी आपल्या थोबाडीत मारतंय. शिकवणीवाल्या बाई घरूनच कव्हरं काढून आणत. वर कुरकुर होतीच. "आपण काय चोर आहोत का?" लोक जिन्यात विचारत. या प्रश्नाचं उत्तर पुलापलीकडे ढिगाने पडलं होतं, पण एवढ्या लांब बघायला कोण जातंय?

या सगळ्यात हाल झाले ते साहेबांचे. सकाळी जॅकेट, हातमोजे अशा जय्यत तयारीने ते खाली उतरत, आणि खाली काहीच नसे. पेट्यांभोवती एक फेरी मारत. झाडाचं एखादं पान उचलून बाजूला टाकत. कुणी बाटली घेऊन आलं की पुढे सरसावत, "द्या इकडे," आणि तो म्हणे, "नको नको साहेब, टाकतो मीच," आणि खांबाकडे बघून कसंनुसं हसे. बाल्कनीतून ओरडायलाही कारण उरलं नाही. माणसाने ज्यासाठी जिवाचं रान केलं ते अखेर मिळावं आणि मिळाल्यावर घशाखाली उतरू नये, अशी त्यांची गत झाली. बायकोच्या गिऱ्हाइकांसाठी दार उघडायचं काम पुन्हा त्यांच्याकडे आलं.

अशात निरीक्षक बाई आल्या. कोपरा बघून खूश झाल्या.

"काका, कमाल केलीत तुम्ही. आता मस्त आराम करा. आणि हो, शनिवारी येते तेव्हा जॅकेट तेवढं द्या हं परत. पुलापलीकडे फार घाण व्हायला लागलीय अचानक. तिथल्या एका बाई तयार झाल्यात, त्यांना लागेल."

"पण कॅमेरा काही काच आणि कागद वेगळा करत नाही," साहेब घाईघाईने म्हणाले. "माणूस लागतोच इथे."

"वेगळं करायला काही उरलंच नाही ना, काका." ती हसली. वाईट हेतूने हसली नव्हती. पण जॅकेट गेलं की आपण पुन्हा दारातून बाजूला होणारा माणूस, दुसरं काही नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांना चक्क भीती वाटली.

घाबरलेला माणूस डोकं चालवतो, आणि तेच नेमकं वाईट असतं. साहेबांनी हिशेब असा मांडला की कॅमेरा पुरेसा नाही हे निरीक्षक बाईंच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. एक वस्तू. एकच, मोठीशी, ठळक दिसणारी, कॅमेऱ्याच्या नाकावर टिच्चून ठेवलेली. मग आपण बाईंना बोलवायचं, वस्तू दाखवायची, त्यांच्यादेखत उचलायची, आणि म्हणायचं, बघा, यंत्रावर विसंबून चालत नाही. हा काही कचरा टाकणं नव्हे. हे प्रात्यक्षिक झालं.

वस्तू घरातच होती. बेडरूमच्या दारामागे बायकोचं जुनं इस्त्रीचं टेबल भिंतीला लावून ठेवलेलं. एक पाय मोडला म्हणून तिने नवं घेतलं, पण जुन्याचं कव्हर तिने स्वतः शिवलेलं होतं, पडद्याच्या उरलेल्या कापडाचं, त्यावर छोट्या छोट्या छत्र्या. "मोठ्या वस्तूंची गाडी बोलवा आणि देऊन टाका," असं ती कधीची मागे लागली होती. नगरपालिकेची ती गाडी एका फोनवर येते आणि फुकट नेते, हे ज्ञान साहेब बाल्कनीतून सगळ्या जगाला देत. स्वतः मात्र त्यांनी फोन केला नव्हता. सवड मिळाली नव्हती म्हणे.

शुक्रवारी दुपारी बायको दोरे आणि बटणं आणायला बाजारात गेली. वसाहत जेवून आडवी झाली होती. साहेबांनी टेबल काखेत मारलं, जिना उतरले, आणि ते कपड्यांच्या पेटीमागे नेऊन ठेवलं. ती जागा कॅमेऱ्याला दिसत नाही याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, कारण कॅमेऱ्याचं तोंड कागदाच्या पेटीकडे करा असं त्यांनी अर्जात स्वच्छ लिहिलं होतं. नगरपालिका आपला अर्ज शब्दशः अमलात आणते असं मानणारा माणूस त्या आख्ख्या शहरात तेवढा एकच असेल. आणि सवयीचा गुलाम तो, कचरा टाकायला जाताना त्याने जॅकेट घातलं होतं.

शनिवारी सकाळी साहेब चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले, तर खाली ही गर्दी. टेबल दिसत नव्हतं, नगरपालिकेची गाडी पहाटेच्या फेरीत ते घेऊन गेली होती. पण कागदाच्या पेटीवर एक मोठा फोटो चिकटवलेला होता. वर छापलं होतं, ‘येथे कचरा टाकणारी व्यक्ती’. फोटोत कपड्यांच्या पेटीमागे एक माणूस वाकलेला, दोन्ही हात इस्त्रीच्या टेबलावर, आणि पाठीवरची अक्षरं अशी चकाकत होती की चष्म्याशिवायही वाचता यावीत. साहेबांनी कप कठड्यावर ठेवला. खाली जाऊन काय ते कबूल करून टाकावं, शरमेने मान खाली जाईल ती जाईल, असं त्यांनी ठरवलं, आणि चपला घालून ते उतरले. हे ठरवलं होतं हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

पण खाली पोचतात तो डॉक्टरांनी त्यांचा हातच धरला.

"साहेब, लाज वाटते आम्हाला या लोकांची! जो माणूस आमची घाण उपसतो त्याचाच फोटो? कचरा उचलताना काढला आणि वर लिहितात काय, तर टाकणारी व्यक्ती!"

"मशीनच ते," शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मशीनला माणूस कुठून ओळखता येणार? मी तर फोन करून बोलावलंच आहे त्या निरीक्षक बाईला."

"आज साहेबांचा लावला, उद्या आपला लावतील," कंत्राटदार म्हणाला. सगळ्यांच्या हृदयाला हात घालणारं वाक्य हेच होतं.

साहेबांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. आख्खी वसाहत त्यांच्याभोवती उभी होती. त्यांच्या नावाने घोषणा द्यायचंच काय ते बाकी होतं. कॅमेरा काढावा असा अर्ज तयार होता आणि त्यावर सह्यांची झुंबड उडाली होती. वसाहतीला एवढं एकदिलाने काही करताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. हे प्रेम साहेबांवरचं किती आणि खांबावरच्या घुमटावरचा राग किती, याची वाटणी करण्याच्या फंदात साहेब पडले नाहीत. त्यांनी तोंड मिटलं.

निरीक्षक बाई आल्या. हेल्मेट गाडीला अडकवलं आणि फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. तेवढ्यात गलका ऐकून साहेबांची बायकोही उतरली, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबकळत. तिने फोटो बघितला. माणसाकडे तिने क्षणभरच बघितलं असेल. तिची नजर टेबलाच्या कव्हरवर गेली, त्यावरच्या छत्र्यांवर, आणि तिथेच थांबली.

"हे टेबल कुणाचं आहे, कुणी ओळखतं का?" बाईंनी विचारलं.

कुणी ओळखत नव्हतं. बायकोने नवऱ्याकडे बघितलं. ती नुसती बघत नव्हती, वाट बघत होती. साहेब डब्यांच्या पेटीवरचं चित्र असं निरखत होते की जणू पहिल्यांदाच पाहतायत.

"काका, मी सरळच विचारते," बाई म्हणाल्या. "फोटो एकच आहे. वाकलेला माणूस उचलतोय की ठेवतोय हे यातून कळत नाही. तुम्ही ठेवत असाल, तर कॅमेऱ्याने त्याचं काम केलंय आणि तो इथे राहील. उचलत असाल, तर आमच्या माणसांनी एका स्वयंसेवकाची उगाच बदनामी केलीय. मग एवढ्या सह्यांपुढे माझं काही चालणार नाही, सोमवारी कॅमेरा उतरेल. तुम्ही सांगाल ते मी मानते."

साहेबांना कळत होतं की एका शब्दाचा प्रश्न आहे. तो खरा शब्द उच्चारला तर कोपरा स्वच्छ राहील, ज्यासाठी त्यांनी एवढे अर्ज खरडले तेच होईल, आणि त्यांना या गर्दीतून मान खाली घालून वर जावं लागेल, जॅकेटशिवाय. बायको अजून त्यांच्याकडेच बघत होती.

"उचलत होतो," साहेब म्हणाले.

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. निरीक्षक बाईंनी फोटो सोलून काढला, त्याची घडी घातली आणि बॅगेत टाकली. "जॅकेट राहू दे मग तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या आणि जरा जास्तच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं. फोटो सुटला तेव्हा बायको तिथे नव्हती. ती कधीच वर निघून गेली होती.

घरी मशीन चालू होतं. साहेब दारात घुटमळले.

"अगं, तसं नव्हतं ते. मी आपलं दाखवण्यापुरतंच..."

तिने पायडलवरचा पाय काढला नाही.

"अगं, ऐक तरी."

"मला त्या मुलीपुढे लाज वाटली," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल ते मानते म्हणाली ती. तुम्हाला." आणि पुढची शिवण मारायला घेतली. त्या दिवशी ती एवढंच बोलली, आणि पुढचे काही दिवस तेवढंही नाही. साहेबांना लाज वाटत होती, हे खरं आहे. त्यांना आतून आनंद झाला होता, हेही तेवढंच खरं आहे, आणि आनंद झाला म्हणून पुन्हा लाज वाटत होती. या दोन्हींच्या मध्ये ते बाल्कनीत उभे राहून खांबाकडे बघत बसत.

कॅमेरा उतरला आणि वसाहतीने मोकळा श्वास घेतला. मधल्या काळात बिचाऱ्यांनी घरात केवढं दाबून ठेवलं होतं! गाद्या पुलापलीकडून परत आल्या नाहीत एवढंच, बाकी सगळं आलं. सोफ्याची बैठक आली, पाय नसलेला पंखा आला, कंत्राटदाराचे रंगाचे डबे आले, त्यातला एक उपडा होऊन काचेच्या पेटीखाली निळं तळं झालं. वरून शाबासकीही होती. "साहेब, तुम्ही आहात म्हणून हा कोपरा टिकून आहे," असं सांगत लोक पिशव्या ठेवत. साहेब सकाळी उतरत ते जेवणाच्या वेळेला वर येत. कंबर मोडून गेली होती. पण बाल्कनीखाली लोक वाट बघत होते.

अशाच एका सकाळी ते वह्यांची कव्हरं काढत बसले होते. समोर पावलं थांबली म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर बायको. तिच्या हातात कचऱ्याची एक मोठी काळी पिशवी होती. ती पेट्यांकडे गेलीच नाही. तिने पिशवी साहेबांच्या पुढ्यात, सोफ्याच्या बैठकीला टेकवून, नीट उभी करून ठेवली. पिशवी टेकताना आत काचेचा आवाज झाला आणि तळातून काहीतरी ओलं पाझरलं.

"अगं, हे काय?"

"घरचा कचरा."

साहेबांनी पिशवी बाहेरून चाचपली. बाटल्या, डबे, भाज्यांची सालं, कागद, सगळा काला.

"सगळं एकत्र? तू?" त्यांचा खरंच विश्वास बसेना. "वेगळं नाही केलंस?"

"वेगळं केलं तर तुम्हाला काम काय उरेल?" ती म्हणाली.

आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. गिऱ्हाइकाला कपडा कधी मिळेल ते सांगावं तशी बोलली आणि जिन्याकडे वळली. साहेब तिच्या पाठीकडे बघत राहिले. तिने एकदा तरी मागे वळून बघावं, भांडावं, चारचौघांत पाणउतारा करावा, असं त्यांना फार वाटलं. ती वर गेली आणि थोड्याच वेळात मशीनचा आवाज सुरू झाला.

मागे डॉक्टरांची गाडी येऊन थांबली. काच खाली आली. "साहेब, आज जरा जास्त आहे हं," आतून आवाज आला आणि तीन पिशव्या एकामागून एक बाहेर पडल्या. साहेबांनी न बघताच मान हलवली. त्यांनी वह्या बाजूला सारल्या, जॅकेटच्या बाहीने कपाळ पुसलं, आणि गुडघे टेकून आधी घरच्या पिशवीची गाठ सोडायला घेतली. दोऱ्यावर हात बसलेल्या बाईने मारलेली गाठ होती ती, काही केल्या सुटेना.